बाबांचं वय ७८, मग कीमोचा डोस कोणाच्या मापाचा?

डिचोलीकर: बाबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, यकृतापर्यंत पोचलेला. पहिल्या कीमोनंतर पाच दिवस जुलाब, तोंड आलेलं, पेजेचा घोटही गिळवेना. सोप्यावरून न्हाणीपर्यंत भिंत धरून जायचे. डोस उंची-वजनावरून काढला होता. हल्ली ते पडले होते का, रोज किती गोळ्या घेतात, हे कोणी विचारलंच नाही. नऊ घेतात! सत्तरीपुढच्या माणसाची अशी तपासणी झाल्याशिवाय कीमो सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

फोंडेकरीण: मला भीती वेगळीच वाटते. तपासणीच्या नावाखाली हात आखडता घेतील. आईला ७४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा घरचेच म्हणाले, "या वयात कशाला छळ?" तिने पूर्ण कीमो घेतली. यंदा चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तिनेच समोर बसून बांधून घेतली. २००९ साली ६५ आणि त्यापुढच्या ६३३ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या कीमोऐवजी नुसत्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिलेल्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास दुप्पट निघाला.

डिचोलीकर: तुमच्या आईचा आजार बरा होण्यासारखा होता, बाबांचा आटोक्यात ठेवण्यापुरता. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास अशाच, सत्तर आणि त्यापुढच्या ७१८ रुग्णांवरचा. तपासणीचे निष्कर्ष आणि सल्ला डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ वर आले, आणि जगण्यात घट झाली नाही. काहींचा डोस सुरुवातीला कमी ठेवला, पण पडण्याची भीती, जास्तीच्या गोळ्या यांकडेही बघितलं.

वॉर्डातली ताई (पेडणे): ओपीडीच्या गर्दीत तासाभराची तपासणी कोण करणार, हा प्रश्न मी रोज बघते. म्हणून आधी जी-८ ही छोटी चाळणी-चाचणी घ्यावी. आठ प्रश्न, पाचेक मिनिटं. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तरच सविस्तर तपासणी. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. एकाच औषधाची दोन नावांची पाकिटं त्यात कितीदा तरी सापडतात.

फोंडेकरीण: पिशवीचं लगेच पटलं. पण ताई, त्या आठांत एक प्रश्न वयाचाच आहे, ८५ ओलांडली की शून्य गुण. आणि वजन घटलं का, जेवण जातं का, हे विचारताना डॉक्टर माझ्याकडे बघत होते. आई शेजारच्याच खुर्चीवर होती.