हेड उघडण्याआधी एवढं तपासा
गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) महिन्याला अर्धा लिटर कमी होतंय, खाली एक थेंब नाही आणि मेकॅनिक थेट हेड (सिलिंडरांवरचं इंजिनचं झाकण) उघडायला सांगतोय. कृपा करून इतक्यात उघडू देऊ नका. बारीक गळतीचं पाणी गरम इंजिनवरच वाळून जातं, मागे पांढरट किंवा हिरवट डाग राहतो. होजच्या क्लिपांपाशी आणि वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाजवळ टॉर्च मारून बघा.

मग प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाने रेडिएटरमध्ये, त्याच्या कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा (बऱ्याच गाड्यांत ०.९ ते १.१ बार) आणि १५-२० मिनिटं काट्यावर लक्ष ठेवायचं. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं? मग डॅशबोर्डखालची मॅट दाबून बघा. हीटर कोअर (गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळत असेल तर तिथे चिकट, गोडसर वासाची ओल लागते आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते. जुन्या गाड्यांत हे सगळ्यांत जास्त नजरेतून सुटतं, असं माझं मत. कॅपचं रबरही बघा. ते कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं.

तरीही संशय उरला तर ब्लॉक टेस्ट करा, म्हणजे रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या द्रावणातून ओढून बघा. पेट्रोल गाडीत निळं द्रावण पिवळं झालं, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय; मग हेड उघडायची वेळ आली. तोवर गळती बुजवणारं काही ओतू नका, त्याने हीटर कोअरच्या नळ्या तुंबू शकतात.