शब्दचर्चा: ‘उनिक्काक्तुआत’ला दंतकथा म्हणावे का?

प्रश्न

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनाव्हुत प्रदेशातील इनुइट लोकांच्या कथापरंपरेवर मी एका किशोर मासिकासाठी लेख लिहीत आहे. त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत कथेसाठी दोन वेगळे शब्द आहेत. फार पूर्वीपासून चालत आलेली, जिचा पहिला सांगणारा कोण हे आता कोणालाच ठाऊक नाही, अशी कथा म्हणजे ‘उनिक्काक्तुआक’ (अनेकवचन ‘उनिक्काक्तुआत’). सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेली हकिकत म्हणजे ‘उनिक्काक’ (अनेकवचन ‘उनिक्कात’). पहिल्या शब्दासाठी मी ‘दंतकथा’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात ‘म्हणजे हे खोटे आहे का?’ असे विचारले आणि मजकूर परत पाठवला. ‘दंतकथा’ या शब्दाला आता एवढाच अर्थ उरला आहे का?

पहिला प्रतिसाद

संपादकांची शंका रास्त आहे. शब्दाच्या घडणीत खोटेपणा कुठेच नाही. तोंडी चालत आलेली कथा, एवढेच ती घडण सांगते. परंतु आज हा शब्द ‘निव्वळ’, ‘केवळ’, ‘त्यात काही तथ्य नाही’ अशा सोबत्यांवाचून क्वचितच दिसतो. ‘सांगोवांगी’ची गतही तीच झाली. जे लिहिलेले नाही ते भरवशाचे नाही, हा छापखान्यानंतरचा आपला समज या शब्दांना चिकटला असावा, असे मला वाटते.

इनुइटांच्या बाबतीत हा समज किती फसवा ठरतो याचे एक उदाहरण आपल्या लेखातही घेता येईल. मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी 1576 ते 1578 या काळात तीन वेळा आजच्या नुनाव्हुतमधील बॅफिन बेटाकडे गेला. पहिल्या सफरीत त्याची पाच माणसे होडीतून किनाऱ्याकडे गेली ती परतलीच नाहीत. पुढे 1861 मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकन प्रवासी फ्रोबिशर गेला होता त्याच उपसागराच्या काठी राहत असताना एका वृद्ध इनुइट स्त्रीने त्याला सांगितले की, फार पूर्वी गोऱ्या लोकांची जहाजे आली होती. आधी दोन, मग दोन की तीन, आणि मग पुष्कळ. त्यांची पाच माणसे मागे राहिली, हेही तेथील लोकांना ठाऊक होते. तिसऱ्या सफरीत फ्रोबिशरकडे खरोखरच पंधरा जहाजे होती. लोकांनी दाखवलेल्या छोट्या बेटावर हॉलला दगडी कोळसा, कौलांचे तुकडे आणि खाणकामाचा चर सापडला. मधे 285 वर्षे गेली होती आणि कागदाचा एक कपटाही त्या लोकांपैकी कोणाकडे नव्हता. याला ‘दंतकथा’ म्हणायचे असेल तर त्या शब्दाला आधी त्याची मूळ प्रतिष्ठा परत द्यावी लागेल, आणि ते काम एका लेखाच्या आवाक्यातले नाही.

दुसरा प्रतिसाद

उदाहरण उत्तम आहे, पण ते प्रश्नकर्त्यांच्या दोन शब्दांपैकी नेमके कोणत्या बाजूला पडते, हे पाहावे लागेल. जहाजांची आठवण ही घडलेल्या गोष्टीची आठवण आहे. उलट, कयाक या अरुंद होडीतून भटकत राहणाऱ्या, कोल्हीण होऊन आलेल्या बायकोशी संसार करणाऱ्या किव्हिउकची कथा, किंवा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या स्त्रीची कथा, या निःसंशय ‘उनिक्काक्तुआत’ होत. त्यांच्यासाठी ‘पुराणकथा’ सुचवावेसे वाटते, परंतु मराठी वाचकाच्या मनात पुराण म्हटले की पोथी आणि पुराणिकबुवा उभे राहतात. ‘लोककथा’ निरुपद्रवी आहे, म्हणूनच फिकी आहे. ‘बखर’ तर लिखितच.

जाता जाता, त्या समुद्रतळाच्या स्त्रीला ‘समुद्रदेवी’ लिहू नये, अशी विनंती करतो. बापाने तिची बोटे छाटली आणि त्या बोटांची सील व इतर सागरी जनावरे झाली, असे कथा सांगते. तिची नावेही जागोजागी बदलतात: कुठे सेडना, कुठे नुलियायुक, तर नुनाव्हुतमधल्या इग्लूलिक गावाकडे ‘ती खाली असलेली’ अशा अर्थाचे ताकान्नालुक. लोकांनी निषिद्ध गोष्टी केल्या की ती सील अडवून धरते. मग ‘अंगक्कुक’, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारा जाणता, तिच्याकडे उतरतो आणि तिचे गुंतलेले केस विंचरतो, कारण बोटे नसल्याने तिला स्वतःला ते विंचरता येत नाहीत. हात जोडून नैवेद्य दाखवण्याचे हे नाते नव्हे. अंगक्कुकसाठी मात्र आपला ‘भगत’ हा शब्द ‘मांत्रिक’पेक्षा पुष्कळ जवळ जातो.

तिसरा प्रतिसाद

एक विसरलेला शब्द पुढे ठेवतो: ‘ऐतिह्य’. ‘इति ह’, म्हणजे ‘असे असे होते म्हणतात’, यापासून तो आला आहे. ‘इतिहास’ही याच कुळातला. पहिला वक्ता अज्ञात असूनही परंपरेने चालत आलेले वचन ते ऐतिह्य, आणि पौराणिक, म्हणजे पुराणे सांगणारे, त्याला ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण (साधन) मानत. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ते वेगळे प्रमाण म्हणून स्वीकारले नाही, पण त्याला खोटे म्हणून झटकलेही नाही. त्यांनी ते शब्दप्रमाणात, म्हणजे विश्वासार्ह वचनातून होणाऱ्या ज्ञानात, घातले. ‘उनिक्काक्तुआक’ची प्रश्नकर्त्यांनी दिलेली व्याख्या याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. अर्थात किशोर वाचकाला हा शब्द जड जाईल, हे मान्य आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘ऐतिह्य’ मला फार आवडला, पण तो शीर्षकात न घालता मजकुरात एकदा, अर्थासह वापरीन. दुसऱ्या प्रतिसादातील आक्षेपामुळे माझी एक चूकही लक्षात आली. इग्लूलिकच्या वृद्धांनी 1986 पासून आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला सुरुवात केली, त्या सगळ्याच ध्वनिमुद्रणांना मी ‘दंतकथांचे जतन’ म्हटले होते. प्रत्यक्षात त्यात शिकार, बर्फ, नाती, जन्म-मृत्यू यांविषयीचे अनुभवाचे बोल भरपूर आहेत, म्हणजे ‘उनिक्कात’. त्यांना मी आता ‘हकिकती’ म्हणेन.

‘उनिक्काक्तुआत’साठी ‘पूर्वापार कथा’ असे ठरवतो. त्याचे आणखी एक कारण आहे. 1 एप्रिल 1999 रोजी नुनाव्हुत अस्तित्वात आले, तेव्हापासून तेथील शासन ‘इनुइट कउयिमायातुकांगित’ हे आपल्या कारभाराचे सूत्र मानते. त्यातील ‘कउयिमा’ म्हणजे जाणणे आणि ‘तुका’ हा अंश ‘फार दिवसांपासूनचे’ असे दाखवतो. म्हणजे इनुइटांना पूर्वापार ठाऊक असलेले. ‘पारंपरिक ज्ञान’ लिहिले असते तर ते संग्रहालयातल्या कपाटात गेल्यासारखे वाटले असते. ‘पूर्वापार’मध्ये ‘अपार’ नसून ‘अपर’ आहे, म्हणजे आधीचे आणि नंतरचे, दोन्ही. संपादकांना समासात तेवढेच लिहून पाठवतो.