एम ८१ आणि एम ८२ च्या मधे खरंच गॅस आहे का?

निपाणी_नभ:
नमस्कार मंडळी. सप्तर्षीकडची एम ८१ आणि एम ८२ ही गॅलेक्सींची जोडी आमच्याकडं उन्हाळ्यात उत्तरेला बऱ्यापैकी वर येते, अंधारात बायनॉक्युलर लावला तर दोन धूसर डाग दिसतात आणि मधे काहीच नाही. पण परवा त्याच भागाचा रेडिओवरनं केलेला नकाशा बघितला तर या दोन आणि बाजूची एनजीसी ३०७७, तिन्ही गॅलेक्सी गॅसच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या! मग फोटोत त्यातलं काहीच कसं येत नाही? आणि गॅस एवढा थंड असेल तर त्यातनं सिग्नल निघतो कसा? नववीच्या पोरांना सांगायचंय, जरा सोपं करून सांगा की.

जांबोटी_रात्र:
सर, पट्ट्या खऱ्याच आहेत. कॅमेऱ्यात येतो तो मुख्यतः ताऱ्यांचा उजेड, आणि त्या पट्ट्यांत तारे फारच तुरळक. हा गॅस म्हणजे हायड्रोजन. त्याच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोघांचे स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरल्यासारखा गुणधर्म) एका दिशेला असले तर एनर्जी किंचित जास्त असते, इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की तेवढीच एनर्जी २१ सेंटीमीटरच्या रेडिओलहरीत बाहेर पडते, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ. यासाठी गॅस तापायला लागत नाही. एकटा अणू आपणहून उलटायला सरासरी १ कोटी वर्षांच्या वर घेतो, पण अणूच इतके अफाट आहेत की सिग्नल अखंड येत राहतो. डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन डी हुल्स्टनं हे १९४४ मधे कागदावर मांडलं आणि १९५१ मधे यूएन आणि पर्सेलनी हार्वर्डमधे प्रत्यक्ष पकडलं.
पट्ट्या झाल्या त्या ओढाताणीत. साधारण वीस-तीस कोटी वर्षांपूर्वी या गॅलेक्सी एकमेकींच्या अगदी जवळनं गेल्या, कडेचा गॅस पकड सैल असल्यामुळं आधी उपसला गेला. एम ८२ मधे आज तारे इतक्या झपाट्यानं जन्मायलेत त्याचं कारण पण हीच भेट मानतात.

किल्ला_तळं:
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते पोरांना पट्ट्यांपेक्षा गॅसचा वेग आधी सांगा. गॅस आपल्याकडं येत असेल तर फ्रिक्वेन्सी १४२० च्या थोडी वर सरकते, लांब जात असेल तर खाली. ॲन्ड्रोमेडा सेकंदाला साधारण ३०० किलोमीटरनं आपल्याकडं येतेय, तिची रेषा जवळजवळ १४२२ ला सापडते. असं गॅलेक्सीच्या एकेका ठिकाणी मोजत गेलं की ती कुठं किती जोरात फिरतेय ते कळतं. आणि हायड्रोजन बऱ्याचदा ताऱ्यांच्या तबकडीच्या दुप्पट लांब पसरलेला असतो, म्हणजे जिथं तारे संपले तिथला वेग सुद्धा मिळतो. तिथं तो कमी व्हायला पाहिजे होता, होत नाही! बोस्मा या खगोलशास्त्रज्ञानं १९७८ मधे नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरनं बऱ्याच सर्पिल गॅलेक्सींसाठी हे दाखवलं. डार्क मॅटरच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणानं ओढणाऱ्या पदार्थाच्या बाजूचा हा फार भक्कम पुरावा आहे, आणि तो मिळाला या थंड, न दिसणाऱ्या गॅसमुळं.

निपाणी_नभ:
भारी! आता शेवटचं, शाळेच्या गच्चीवर डिश लावून यातलं काय पकडता येईल काय?

जांबोटी_रात्र:
आपल्या आकाशगंगेचा हायड्रोजन नक्की येतो. पत्र्याचा हॉर्न (नरसाळ्यासारखा अँटेना), एक ॲम्प्लिफायर, एसडीआरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप, एवढ्यावर कॉलेजची पोरं करतात. आकाशगंगेचा पट्टा वर आला की १४२० जवळ उंचवटा दिसतो, बाजूच्या रिकाम्या आकाशाकडं वळवला की बसतो. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलासाठी राखीव आहे, तिथं प्रसारण करायला बंदी आहे, त्यामुळं गावात पण जमतंय.
एम ८१ मात्र नाही. मीटरभराच्या हॉर्नला एका वेळी दहा-बारा अंशांचं आकाश दिसतं आणि एम ८१-एम ८२ मधलं अंतर एका अंशापेक्षा कमी, शिवाय सिग्नल फारच बारीक. त्याला नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसारखं काहीतरी पाहिजे, ४५ मीटरच्या ३० डिश. त्यातल्या १४ मधे जवळजवळ ठेवल्यात आणि बाकीच्या तीन दिशांना पसरल्यात, सगळ्यात लांबच्या दोन डिशमधे साधारण २५ किलोमीटर अंतर. लांबच्या डिशमुळं बारकावे कळतात, पण असा विरळ पसरलेला गॅस धरायला जवळजवळच्या डिशच्या जोड्याच उपयोगी पडतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं लोकांना बघायला सोडतात, पोरांना घेऊन जाच.

निपाणी_नभ:
हॉर्नपासनं सुरुवात करतो. पत्रा कापायला मापं कुणाकडं असली तर इथंच टाका.