इकोत पडदा १९ मिमी. कबड्डी खरंच बंद?

डावाकोपरा_कळवा
वय २१, खारीगावच्या मंडळाकडून डाव्या कोपऱ्यात खेळतो. घोट्याची पकड हीच आपली ओळख. लीगच्या एका संघाने करारापूर्वी मेडिकल केलं, ईसीजी बिघडलेला आला म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचा मधला पडदा १९ मिमी जाड निघाला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. चाला, फिरा, पण कबड्डी नको म्हणाले. करार गेला.

मला काहीच होत नाही हो! पारसिकचा डोंगर न थांबता चढतो. मंडळात गुडघा दुखतोय म्हणून सांगितलंय. आई किटबॅग माळ्यावर टाकते, मी परत काढतो. तीनदा झालं. गुपचूप जिल्हा स्पर्धा खेळून टाकू का?

इकोवाली_नेरुळ
नको रे बाबा. मी इको टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हे आकडे रोज बघते. सरावाने खेळाडूचं हृदय जाड होतं, ते बहुतेक वेळा १२-१३ मिमीपर्यंत. १३ ते १५ मध्ये घोळ असतो, मग काही महिने सराव बंद ठेवून परत इको काढतात. सरावाची जाडी उतरते, आजाराची नाही. १९ मध्ये तो घोळ राहत नाही.
'काहीच होत नाही' यावर जाऊ नकोस. काहींचं पहिलं लक्षण म्हणजे मैदानात कोसळणंच. एमआरआय, होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर ठोके नोंदवतात ते) झालं का? हल्ली सरसकट बंदी न घालता जोखीम बघून ठरवतात, पण ते हृदयाच्या डॉक्टरांसोबत बसून. आणि सख्ख्या भावंडांचा इको केलात का? हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो.

जुना_चढाईपटू
डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन २०२१ मध्ये युरो कपात कोसळला, छातीत ठोके सावरणारं यंत्र बसवून पुन्हा खेळलाच ना?

इकोवाली_नेरुळ
दादा, तो फुटबॉल. इथे चौघे छातीवर पडतात. शिवाय इटलीत त्या यंत्रासकट खेळायची परवानगी नव्हती, म्हणून त्याला क्लब सोडावा लागला.

जुना_चढाईपटू
बरोबर, मागे घेतो. इंग्लंडचा क्रिकेटपटू जेम्स टेलर २०१६ मध्ये, २६ व्या वर्षी हृदयाच्याच दुखण्याने थांबला. आजार वेगळा. दोन वर्षांनी राष्ट्रीय निवड समितीत होता. घोट्याची पकड शिकवणारे आहेत कुठे आता? आणि मंडळाला खरं सांग आधी.

डावाकोपरा_कळवा
ताई, एमआरआयची तारीख घेतली. भावंडांचं डोक्यातच नव्हतं. धाकटी नववीत आहे, खो-खो खेळते. सोमवारी तिला इकोला नेतोय. सुई नसते ना त्यात? तिला फक्त एवढंच सांगितलंय, की येताना कुंजविहारचा वडापाव.