मदत हवी आहे: सदस्यांच्या पोर्टलसाठी ड्रुपल, वर्डप्रेस की डिस्कोर्स?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचकगटासाठी पोर्टल उभं करायचं आहे. ड्रुपल आणि वर्डप्रेस ही संकेतस्थळ बांधायची सॉफ्टवेअर, तर डिस्कोर्स हे चर्चामंचाचं; यांतलं कोणतं निवडावं ते ठरत नाहीये. सदस्यांनी स्वतः लेख लिहावेत, त्याखाली चर्चा व्हावी, जुनं लेखन विषयवार सापडावं, एवढीच अपेक्षा. बहुतेक सदस्य मोबाईलवरूनच वाचतात. काम सगळं हौशी लोकांचं. पीएचपी (ड्रुपल-वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ती) थोडंफार येणारे दोघे आहेत, पण ते कायम असतीलच असं नाही. त्यामुळे सोय किती यापेक्षा पुढे सांभाळायला सोपं काय, हा मला खरा प्रश्न वाटतो.

मन ड्रुपलकडे ओढतं. लेख, कविता, परीक्षण असे वेगवेगळे प्रकार, प्रत्येकाचे स्वतंत्र रकाने, संपादकांना वेगळे अधिकार, हे सगळं त्यात मुळातच आहे. भीती आहे ती अपग्रेडची. ड्रुपल ७ वरून ८ वर जाताना थीम (साइटचं रूप) आणि मोड्यूल्स (जोडसुविधा) जवळपास नव्याने लिहावी लागली, आणि ५ जानेवारी २०२५ ला ७ चा आधार संपला तेव्हाही कित्येक साइट्स तिथेच अडकलेल्या होत्या. ८ नंतरची अपग्रेड्स बरीच सोपी झाली आहेत हे वाचलंय. पण ज्यांनी स्वतः ९ वरून १०, १० वरून ११ असा प्रवास केलाय, त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

वर्डप्रेस शिकवायला सोपं. पण सदस्यांची पानं आणि गट यांसाठी बडीप्रेस, चर्चेसाठी बीबीप्रेस, शिवाय स्पॅमसाठी आणखी काही. यातलं एक प्लगिन कुणी सांभाळेनासं झालं तर?

डिस्कोर्समध्ये चर्चा फार छान चालते, नव्या सदस्याला अधिकार हळूहळू मिळतात, त्यामुळे स्पॅमलाही आळा बसतो. मात्र ते साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) चालत नाही. डॉकर (सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात चालवणारी यंत्रणा) आणि किमान १ जीबी मेमरीचा स्वतःचा सर्व्हर लागतो. लांबलचक लेख तिथे नीट शोभतील का, ही शंका आहेच.

आता शोधाबद्दल, कारण मला याचीच सर्वात जास्त काळजी आहे. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. लेखात 'विहिरीत' असेल तर 'विहीर' टाकून तो लेख हाती लागत नाही. संग्रह वाढत गेल्यावर हे फार खटकणार. कुणी सोलर (Solr) किंवा इलॅस्टिकसर्च ही वेगळी शोधयंत्रं जोडून मराठी शोध सुधारला आहे का? सामान्यरूपांचं काय केलंत? एवढ्यासाठी वेगळा सर्व्हर सांभाळणं हौशी गटाला झेपतं का?

दुसरं, उद्या प्लॅटफॉर्म बदलायचा झाला तर लेख, प्रतिसाद आणि सदस्यांची खाती सोबत नेता यायला हवीत. लेख नेता येतात हे माहीत आहे. प्रतिसादांचा क्रम आणि पासवर्ड यांचं काय होतं, ते कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.