शेजारच्या आजींचं माहेरचं आडनाव फर्नांडेझ : गोव्याचं की स्पेनचं?

ताफकाठची

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण चार वर्षं जिच्या हातचा चहा पितेय त्या आजींसाठी विचारतेय, म्हणून सगळं नीट सांगते.

आम्ही दक्षिण वेल्समध्ये मर्थर टिडफिलला राहतो. शेजारी एक आजी आहेत, वय 84. सासरचं आडनाव पक्कं वेल्श, पण माहेरचं फर्नांडेझ. मागच्या महिन्यात त्या दवाखान्यात जाऊन आल्या आणि तिथले डॉक्टर फर्नांडिस निघाले, मूळचे गोव्याचे. घरी येऊन पहिलं मलाच विचारलं, "तुमच्याकडे हे आडनाव असतं, मग आम्ही पण मुळात तिकडचेच का गं?" मी म्हटलं, विचारून सांगते.

त्यांना स्वतःला फार थोडं माहीत आहे. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी कधीतरी बोटीने आले आणि डौलेसच्या लोखंडाच्या कारखान्यात लागले. घरात स्पॅनिश कोणी बोलत नसे. वडिलांना शाळेत पोरं परदेशी म्हणून चिडवायची, त्यामुळे त्यांनी तो विषयच बंद करून टाकला होता.

परवा त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडला. तळाशी आजोबांचा कागद. चार घड्या घातलेला, घडीवर विरलेला, मागून कोणीतरी चिकटपट्टी लावलेली आणि तीही आता मधासारखी पिवळी झालेली. खाली जांभळा शिक्का. भाषा स्पॅनिश, अक्षर वळणदार. मला तीनच गोष्टी लागल्या : "हिजो लेजिटिमो" असे दोन शब्द, "सांतांदेर" हे गावाचं की जिल्ह्याचं नाव, आणि आजोबांच्या नावापुढे दोन आडनावं, गार्सिया फर्नांडेझ. (पहिलं नाव इथे देत नाही, आजींच्या घरची गोष्ट आहे.) आजींचं म्हणणं, गार्सिया हे मधलं नाव असणार. पण मधे वडिलांचं नाव आपण लावतो, तिकडेही तसंच असतं का?

अजून एक. आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर फर्नांडेझ टाकून पाहिलं, तर सगळा रंग लंडनच्या आसपास. आमच्या खोऱ्यात जवळजवळ काही नाही. मग आजींचे लोक इथे आले कसे?

बावखल

ताई, मी वसईचा, फर्नांडिसांच्याच घरातला, म्हणून आधी मी बोलतो.

आमच्याकडचं आडनाव पोर्तुगीजांनी दिलेलं. 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. गोव्यातही तोच प्रकार. त्यामुळे एकाच आळीत फर्नांडिसांची चार घरं असली तरी त्यांचं आपापसात नातं असेलच असं नाही, पोर्तुगालमधल्या फर्नांडिसांशी तर नाहीच नाही. आम्ही घरात सामवेदी बोलतो, पत्रिका मराठीत छापतो आणि आडनाव लिस्बनचं. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. वडिलांनी चर्चचं जुनं पुस्तक दाखवलं तेव्हा कुठे उलगडलं.

आता तुमचा मुद्दा. देवनागरीत आपण सरसकट फर्नांडिस लिहितो, म्हणून फरक दिसत नाही. रोमन लिपीत बघा. पोर्तुगीज आडनावाच्या शेवटी एस येतो, स्पॅनिशच्या शेवटी झेड. लोपिस-लोपेझ, रॉड्रिग्ज-रॉड्रिगेझ, गोन्साल्विस-गोन्सालेझ, सगळीकडे हेच. अर्थ दोन्हीकडे एकच, फर्नांदोचा मुलगा. तेव्हा आजींच्या दारावर झेड असेल तर डॉक्टरसाहेबांशी नातं जोडायला नको. पण झेड दिसला म्हणून डोळे मिटून स्पेनही म्हणू नका, केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कितीतरी कॅथलिक घरं झेड लिहितात. आजींचा कागद सांतांदेरचा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो प्रश्न मिटला.

जुनी_वही

ताई, तो डबा कोणाला फेकू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा त्या कागदात बरंच जास्त आहे. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमधल्या घराण्यांच्या नोंदी शोधतोय, सुरुवात बायकोच्या आजोळापासून केली. स्पॅनिश घराण्यांत एक चूक पुन्हा पुन्हा सापडते आणि तुमच्या आजींच्या घरी तीच झालेली दिसतेय.

गार्सिया हे मधलं नाव नाही. तेच त्यांचं खरं आडनाव.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. पुढच्या पिढीला मिळतं ते आईबापांचं पहिलं-पहिलं. लग्न झाल्यावर बाई नवऱ्याचं आडनाव लावत नाही, जन्माचीच दोन्ही शेवटपर्यंत राहतात. आता असा माणूस बोटीतून उतरला आणि कारकुनाने नाव विचारलं की काय होणार? इंग्रजी रीतीने शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात, आधीचं सगळं नावात. आजोबांच्या आईचं आडनाव असं घराण्याला चिकटलं आणि गार्सिया गळून पडलं. स्पेनमध्ये राहिले असते तर त्यांची मुलं गार्सिया झाली असती.

खात्री करायला एक करा. तो शब्द "हिजो" नाही, "इहो" : इहो लेहीतिमो दे, म्हणजे "अमक्याचा औरस पुत्र". त्याच्या पुढे दोन माणसांची नावं असतील, मधे "आणि" या अर्थाचं एकच अक्षर, इंग्रजी वाय. पहिलं नाव बापाचं, दुसरं आईचं. बापापुढे गार्सिया आणि आईपुढे फर्नांडेझ दिसलं की प्रश्न संपला. बहुधा तो बाप्तिस्म्याचा दाखला आहे. तरुण माणूस परदेशी निघाला की चर्चमधून तो सोबत घेत असे.

आता खोऱ्यात कसे आले ते. हा माझा फार आवडीचा विषय आहे, थोडं सहन करा. डौलेसला बेसेमर पद्धतीने पोलाद होऊ लागलं तेव्हा त्यात फॉस्फरस नसलेलं खनिज लागे. स्थानिक खनिजात फॉस्फरस, त्याने पोलाद ठिसूळ होतं. उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओच्या डोंगरातलं लाल हेमॅटाइट मात्र अगदी हवं तसं. म्हणून डौलेस आणि कॉन्सेट या दोन ब्रिटिश कंपन्यांनी जर्मनीच्या क्रुप आणि बिल्बाओच्या इबार्रा कुटुंबासोबत 1873 मध्ये ओर्कोनेरा ही खाणकंपनी काढली. बोटी खनिज घेऊन यायच्या आणि वेल्श कोळसा घेऊन परत जायच्या. 1900 च्या सुमारास त्याच वाटेने माणसंही आली. तुमच्या जवळच डौलेसमध्ये अल्फोन्सो स्ट्रीट आहे, आजींना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. स्वान्झी खोऱ्यात अ‍ॅबरक्रेव्हच्या कोळसा खाणींवरही स्पॅनिश वस्ती होती. तिथे 1914 मध्ये स्थानिक खाणकामगारांनी या परक्यांना घालवा म्हणून संप केला होता. तो राग काही वर्षांत निवला आणि पुढे त्याच खोऱ्यांतून वेल्श कामगार स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेले, त्यात या वस्त्यांतली मुलंही होती. आजींच्या वडिलांनी विषय का बंद केला असेल, याचं थोडं उत्तर त्या 1914 मध्ये सापडू शकेल.

सांतांदेर बिल्बाओला लागूनच आहे. आता त्या प्रांताचं नाव कांताब्रिया, नकाशात तसं शोधा.

इकडच्या नोंदी : 1911 ची जनगणना पाहा, जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व दोन्ही असतं. 1921 ची जानेवारी 2022 मध्ये खुली झाली. 1931 ची शोधत बसू नका, ती 1942 मध्ये आगीत जळाली. त्यानंतर थेट 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेली लोकांची नोंद. इंग्लंड-वेल्सच्या जन्मसूचीत सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासून आईचं माहेरचं आडनाव छापलेलं असतं, ते फार कामाला येतं. स्पेनकडची नागरी नोंदणी 1871 पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या पुस्तकांत, आणि सांतांदेर धर्मप्रांताची जुनी पुस्तकं सांतिल्याना देल मार या गावी ठेवलेली आहेत.

ताफकाठची

जुनी_वही दादा, अंगावर काटा आला. अगदी तसंच आहे! "दे" नंतर एक नाव आणि गार्सिया, मग ते अक्षर, पुन्हा "दे", मग बाईचं नाव आणि फर्नांडेझ. आजींच्या भिंगातून दोनदा पाहिलं. दुसरं आडनाव नेमकं घडीवर येतं, पण शेवटचा झेड लांब शेपटी काढून लिहिलाय, तो स्पष्ट दिसतो.

आणि हे मला आतून कळतं. इथे आल्यावर मी फॉर्मवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं आपल्या पद्धतीने लिहिलं. एका कचेरीने पहिली दोन जोडून टाकली. दोन वर्षं माझ्या नावाने येणाऱ्या पत्रांत मी "सायलीप्रसाद" होते. दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या, तेही मला इंग्रजी येतं म्हणून. त्या तरुण माणसाला काय सांगता आलं असेल?

नकाशाचं मात्र अजून कळलं नाही. लंडनला एवढे फर्नांडेझ कुठून?

नाइटड्यूटी

नकाशाचं मी सांगते. लंडनला रुग्णालयात आहे, माझ्या वॉर्डात या घडीला तीन फर्नांडेझ आहेत आणि तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

एक फिलिपिन्सची सिस्टर. तिथे स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने 1849 मध्ये हुकूम काढला आणि आडनावांचं एक छापील पुस्तकच गावोगाव पाठवलं, त्यातून लोकांना आडनावं वाटली. तिच्या पूर्वजांत स्पॅनिश कोणी नाही, ती स्वतः सांगते. दुसरी केरळची, कोल्लमकडची. वर बावखल म्हणाले तसा झेड. तिसऱ्या म्हणजे स्वयंपाकघरातल्या मावशी, आता निवृत्तीला आल्या. त्यांचे आईवडील 1960 च्या दशकात स्पेनमधल्या गॅलिसियाहून आले. तेव्हा तिकडून खूप माणसं लंडनच्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत साफसफाईला, वाढायला आली. पोर्टोबेलो रोडवर स्पॅनिश शाळा आहे, मावशींची भाची तिथे शिकली.

यात जिब्राल्टरचे लोक धरा. 1940 मध्ये तिथल्या बायकामुलांना युद्धामुळे हलवलं, त्यातले हजारो लंडनला राहिले. बहुतेक परत गेले, काही इथलेच झाले. 1937 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धामुळे बिल्बाओहून "हाबाना" बोटीने साउदॅम्प्टनला जवळजवळ 4,000 मुलं आली होती, त्यातलीही काहीशे इथे राहिली. शिवाय दक्षिण अमेरिकेचे लोक, आणि 2008 च्या मंदीनंतर आलेली स्पेनची तरुण मुलं. नकाशावर या सगळ्यांचा एकच रंग. आजींचं एकुलतं घर त्यात कुठे दिसणार, ताई?

जुनी_वही

नाइटड्यूटी, सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. लंडनच्या नोंदींतला सगळ्यात गाजलेला फर्नांडेझ म्हणजे व्यापारी अंतोनियो फर्नांडेझ कार्व्हाहाल. लपूनछपून ज्यू धर्म पाळणारा, क्रॉमवेलच्या काळात 1655 मध्ये त्याला इंग्लंडमध्ये राहण्याचा हक्क मिळाला. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव झेडने छापतात आणि जन्म पोर्तुगालचा. पोर्तुगीज लोकही जुन्या काळी सर्रास झेड लिहीत. म्हणून मी अक्षरावर विसंबत नाही. आधी कागद, मग अक्षर.

ताफकाठची

काल संध्याकाळी हे सगळं आजींना वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजीत. अल्फोन्सो स्ट्रीट म्हणताच म्हणाल्या, "तिथे माझी आत्या राहायची." चार वर्षांत ही आत्या पहिल्यांदा कळली.

गार्सियाचं त्यांना आधी पटेना. म्हणाल्या, वडिलांच्या थडग्यावर फर्नांडेझ कोरलंय, ते चुकीचं का? मी म्हटलं, चूक कसली, ते तुमच्या पणजीचं आहे. मग त्या पणजीचं पहिलं नाव कागदावर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं. नाव वाचता येतं. त्यांनी ते मोठ्याने तीनदा म्हटलं, दर वेळी थोडं वेगळं.

आता त्यांना सांतिल्यानाला पत्र पाठवायचंय. मेल चालेल म्हटलं तर नको म्हणाल्या, कागदावरच. मजकूर मी इंग्रजीत लिहिलाय, एक पानभर आहे. इथे कोणी स्पॅनिश नीट येणारं असेल तर निरोप टाका. एक अट आजींची आहे : रोमन लिपीतल्या फर्नांडेझमधल्या ए वर ती तिरकी रेघ यायलाच हवी. आजोबांच्या कागदावर ती आहे आणि इथल्या एकाही दाखल्यावर नाही. काल पाकिटाच्या मागे त्यांनी ती सात-आठ वेळा काढून बघितली.