मदत हवी आहे: केबलवर स्पीड ९४ च्या पुढे जाईना, दोष राउटरचा की केबलचा?

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडी, बेळगावात राहतो. खानापूर आणि निपाणीच्या मित्रांबरोबर घरच्या इंटरनेटचे स्पीड ताडून बघतोय. आधी आकडे जुळतच नव्हते. कुणाचा स्पीड टेस्टचा सर्व्हर बेंगळुरूचा, कुणाचा पुण्याचा. एक जण तर मेगाबाइट सांगत होता (आठ बिट म्हणजे एक बाइट), म्हणजे १०० एमबीपीएसचे, म्हणजे मेगाबिट प्रति सेकंदाचे, साडेबाराच! आता सगळे एकच सर्व्हर निवडून, लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजतो.

इथेच माझं अडलंय. प्लॅन २०० एमबीपीएसचा. ५ गिगाहर्ट्झ वायफायवर १८० च्या आसपास मिळतात, केबलवर मात्र ९४. सकाळी, रात्री, कुठल्याही सर्व्हरवर तेच, त्यामुळे बाहेरच्या लाइनवर माझा संशय नाही. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसचा आहे, तरी विंडोज लिंक स्पीड १००/१०० दाखवतं. राउटर बंद-चालू केला, दुसऱ्या पोर्टात केबल लावली, ड्रायव्हर अपडेट केला. फरक शून्य.

केबल कॅट ५ई, म्हणजे गिगाबिट चालणाऱ्या प्रकारची आहे, पण भिंतीतल्या पाइपातून गेलीय आणि घर भाड्याचं, म्हणून ती ओढून काढता येत नाही. राउटरबरोबर आलेल्या छोट्या केबलच्या पिनेत चारच तारा दिसतात (गिगाबिटला आठही, म्हणजे चार जोड्या लागतात), म्हणजे ती १०० चीच. तिच्यावर तपासून उपयोग नाही. राउटरवर पोर्टचा वेग कुठेही छापलेला नाही. कनेक्शनवाले सरळ नवा राउटर घ्या म्हणतात.

पैसे घालण्याआधी खात्री हवी: राउटरचे पोर्टच १०० चे आहेत, की भिंतीतल्या केबलची एखादी जोडी तुटलीय, हे राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा साध्या टेस्टरने नक्की कसं ओळखायचं?